ऑपरेशनशिवाय वजन उतरवायचं ठरवलंय? मग आधी कॅलेंडर काढा

आमच्या वाडीतून डांबरी रस्त्यावर यायचं तर पाखाडी चढावी लागते. जांभ्याच्या ७४ पायऱ्या. लग्न होऊन आले तेव्हा डोक्यावर हंडा घेऊन मी ही पाखाडी न थांबता चढत होते. सत्तेचाळिसाव्या वर्षी रिकाम्या हातांनी चढतानाही तीनदा थांबायला लागायचं: रायवळ आंब्याखाली, मधल्या वाकड्या पायरीवर आणि वरच्या गडग्याजवळ, म्हणजे दगडी कुंपणाजवळ. त्याच वर्षी रत्नागिरीत तपासणी केली. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ८४ किलो, तीन महिन्यांची सरासरी साखर ७.१. वजन कमी करायच्या ऑपरेशनचा विचार करता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी एक वर्ष मागून घेतलं. ते म्हणाले, "घ्या. पण दर तीन महिन्यांनी मला येऊन भेटायचं."

आता वीस महिने झालेत. वजन ७१, साखर ६.२, आणि पाखाडी एका दमात चढते.

ज्यांनी हे नुकतंच मनावर घेतलंय त्यांच्यासाठी लिहिते आहे. काय खावं आणि काय खाऊ नये याच्या याद्या कुठेही मिळतात. अडतं ते पुढे, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मन उडतं तेव्हा. मला उमगलं ते असं, की मन वाटेल तेव्हा उडत नाही, ठरावीक दिवसांत उडतं. आपल्या कोकणात तर हे दिवस कॅलेंडरवर छापलेलेच असतात. त्यांची तजवीज आधीच करून ठेवली, तर रोज उठून उत्साहाची वाट बघावी लागत नाही.

पायरी १: आधी तपासणी, मग निर्णय

ऑपरेशन नको हे नुसत्या भीतीने ठरवू नका. आकडे समोर ठेवून ठरवा. वजनाच्या किलोला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागलं की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, येतो. माझा असा: ८४ भागिले १.५५, पुन्हा भागिले १.५५, म्हणजे ३५. आपल्या भारतीयांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडे पोटावरची चरबी कमी वजनातही त्रास देते. ऑपरेशनचा विचार आपल्याकडे साधारणपणे ३७.५ च्या पुढे करतात. मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं असं काही सोबत असेल तर ३२.५ च्या पुढेही करतात.

ऑपरेशन म्हणजे पळवाट आहे असं मी कधीच म्हणणार नाही. वजन फार जास्त असेल, गुडघे गेले असतील, साखर औषधांनी आवरत नसेल, तर तो योग्य उपचार असू शकतो आणि तो घेणाऱ्याने मान खाली घालायचं काहीच कारण नाही. पण ऑपरेशननंतरही थोडं थोडं खाणं, व्यायाम, आयुष्यभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि तपासण्या चुकत नाहीत. दोन्ही वाटांवर राहणी बदलावीच लागते. मग ज्यांना डॉक्टरांनी मुदत दिली आहे त्यांनी ती मुदत नीट वापरावी, एवढंच.

तपासण्या कोणत्या? रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल, यकृत. तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब आणि साखर आरोग्य उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासतात, तुमच्या आशाताईंना विचारा. कमरेचा घेरही मोजून ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावायची, पोट आत ओढायचं नाही. बायकांचा घेर ८० आणि पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत हवा.

एक गोष्ट हात जोडून सांगते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता जेवण कमी करू नका, साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही वजन उतरल्यावर बदलावा लागतो. तो आपल्या मनाने बदलायचा नाही.

पायरी २: कारण असं हवं की त्यावर बोट ठेवता यावं

"बारीक व्हायचंय", "तब्येत सुधारायचीय" ही कारणं पावसात टिकत नाहीत. माझं कारण पाखाडी होतं. तीन थांबे, त्यांचे दोन करायचे. वजनाचा काटा हलायच्या आधी, सहाव्या आठवड्यात वाकड्या पायरीवरचा थांबा सुटला. मी वर पोचले तेव्हा लक्षात आलं की अरेच्चा, आज तिथे थांबलोच नाही. त्या दिवशी जो आनंद झाला तो पुढे दहा किलो उतरले तेव्हाही झाला नाही.

तुमचं कारण वेगळं असेल. गौरीच्या ओवशाला जमिनीवर मांडी घालून बसता यावं. होडीत चढताना कोणाचा हात धरावा लागू नये. नातवाला कडेवर घेऊन देवळाच्या पायऱ्या चढता याव्यात. कारण असं निवडा की "झालं" किंवा "नाही झालं" हे कोणालाही सांगता येईल. ते कागदावर लिहा आणि चहाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. दिवसातून चारदा झाकण उघडतंच.

पायरी ३: पहिला टप्पा लहान ठेवा

माझं "आदर्श" वजन पंचावन्नच्या आत भरतं. तो आकडा मी डोक्यातून काढून टाकला. पहिलं लक्ष्य ठेवलं सध्याच्या वजनाच्या सात टक्क्यांचं, म्हणजे ८४ चे ७८. हा सात टक्क्यांचा आकडा हवेतून काढलेला नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ लोकांवर एक मोठा अभ्यास झाला आणि २००२ साली त्याचे निष्कर्ष आले. एका गटाला सात टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, एवढंच ध्येय दिलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मधुमेहावरची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनीच घटलं.

आठवड्याला अर्धा किलो हा वेग भरपूर झाला. पहिल्या आठवड्यात कधीकधी दीड-दोन किलोही उतरतात, त्याने हुरळून जाऊ नका. शरीरात साठवलेल्या साखरेबरोबर पाणी धरलेलं असतं, आधी ते जातं. नंतर वेग मंदावतो तेव्हा बरेच जण "आता फरक पडत नाही" म्हणून सोडून देतात. खरं तर चरबी तेव्हाच जायला लागलेली असते.

पायरी ४: स्वयंपाकघर

आपल्या आजोबांच्या ताटात भाताचा डोंगर असायचा आणि तरी ते काटक होते, हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. खरंही आहे ते. पण आजोबा नांगर धरायचे. आजी पाणी शेंदायची, पाट्यावर वाटप वाटायची, लाकडाच्या मोळ्या वाहायची. आता विहिरीवर पंप आहे, वाटप मिक्सरवर आहे, शेत दुसऱ्याला कसायला दिलंय आणि दारात स्कूटर आहे. भात मात्र आजोबांच्या वेळचाच वाढला जातो. माझी तर पतसंस्थेच्या काउंटरवरची बैठी नोकरी.

म्हणून भात सोडायचा का? अजिबात नको. भात सोडायला लावणारा आहार आपल्याकडे तीन आठवडे टिकतो, चौथ्या आठवड्यात माणूस दुप्पट भात जेवतो. मी भात मोजला. आमटीच्या वाटीने सपाट एक वाटी शिजलेला भात म्हणजे जवळपास २०० कॅलरी. मी दोन्ही वेळा तीन-तीन वाट्या घेत होते. आता दुपारी एक वाटी आणि रात्री अर्धी भाकरी. ताटात वाढायचा क्रमही बदलला. आधी भाजी, कोशिंबीर, मासा किंवा उसळ खायची आणि भात शेवटी घ्यायचा. भाजी आणि प्रथिनं आधी पोटात गेली की जेवणानंतरची साखर कमी चढते, आणि भाताची पाळी येईपर्यंत भूकही अर्धी शमलेली असते. ज्यांना पेज लागते त्यांनी ती खुशाल प्यावी, उकड्या तांदळाची, पातळ, पण ती जेवणाच्या जागी घ्यावी.

नाचणीबद्दल एक गैरसमज आहे. नाचणीच्या पिठात तांदळापेक्षा फार कमी कॅलरी असतात असं नाही. कॅल्शियम जास्त असतं आणि तंतूही जास्त असतात, तंतूंमुळे पोट लवकर भरतं. चार भाकऱ्या खाल्ल्या तर नाचणीनेही वजन वाढेल.

खरी गळती तेलात होती. महिन्याच्या १ तारखेला चौघांचं तेल एका काचेच्या बरणीत ओतलं आणि बरणीला कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर चार आठवड्यांच्या चार रेघा मारल्या. पहिल्या महिन्यात ४ लिटरची बरणी एकोणतीस दिवसांत संपली. म्हणजे माणशी महिन्याला एक लिटर. माणशी अर्धा लिटरच्या आसपास राहावं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एका चमचा तेलात ४०-४५ कॅलरी असतात, त्यामुळे हा फरक लहान नाही. आम्ही एकदम अर्ध्यावर नाही आलो. दर महिन्याला पाव-पाव लिटर कमी केलं, आठ महिन्यांत दोन लिटरवर आलो. घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही. तिसरी रेघ आठवडाभर आधीच दिसायला लागली की उरलेल्या दिवसांत तळण बंद. कोणाला समजवावं लागत नाही, बरणीच सांगते.

नारळाला मात्र मी उगाच बदनाम होऊ देणार नाही. वाटपातला मूठभर ओला नारळ चौघांत वाटला जातो. आम्ही एवढंच केलं की एकाच जेवणात वाटपाची आमटी, खोबरं पेरलेली भाजी आणि सोलकढी हे तिन्ही ठेवत नाही. वाटपाचं कालवण असेल त्या दिवशी सोलकढीऐवजी फुटी कढी, म्हणजे नारळाच्या दुधाशिवायची कोकमाची कढी, करायची. उन्हाळ्यात सरबत प्यायचं तर साखरेतलं कोकम नको, आगळ, म्हणजे कोकमाचा बिनसाखरेचा रस, घ्या आणि पाण्यात जिरं घाला. आगळात मीठ असतं, रक्तदाब असेल तर जपून.

मासे हे तर आपलं भाग्य आहे. बांगडा, तारली, बोंबील, तिसऱ्या (शिंपल्या) ही स्वस्तातली उत्तम प्रथिनं. फक्त रवा लावून तळू नका, रवा तेल पितो. तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं करा किंवा केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर भाजा.

चहाचा हिशेब पटकन सांगते: पाच कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे रोज २०० कॅलरी, भाताच्या एका वाटीइतक्या. मी दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करत गेले. पुरुषमंडळींनी संध्याकाळच्या पेगबरोबर चखणाही मोजावा. तळलेले काजू आणि फरसाण बाटलीइतकेच जड पडतात.

पायरी ५: चालण्याची दोन ठिकाणं ठरवा, एक उघडं आणि एक छपराखालचं

आधी खरं बोलू. नुसतं चालून वजन फार उतरत नाही. अर्ध्या तासाच्या चालण्यात जेवढं खर्च होतं ते एका वडापावात दुप्पट-तिप्पट होऊन परत येतं. पण साखर आवरायला, मन ताळ्यावर ठेवायला आणि उतरलेलं वजन परत चढू नये म्हणून चालणं लागतंच. लक्ष्य आठवड्याला १५० मिनिटांचं, सुरुवात दहा मिनिटांनीही चालेल. १०,००० पावलांचं दडपण घेऊ नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं तेव्हा त्याच्या नावातून रूढ झाला.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू, मोफत मिळते, रत्नागिरीचं भाट्ये असो, गुहागर असो की मालवणचं चिवला. ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर चाला. भरतीला सुक्या वाळूत पाय रुततात, पोटऱ्या भरून येतात आणि नवखा माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे "रोज सकाळी सहाला पुळणीवर" हे ठरवलंत तर आठवड्याभरात ते मोडणारच. ओहोटी असेल त्या दिवशी पुळण, नसेल त्या दिवशी रस्ता, हे आधीच ठरलेलं असू द्या. मार्च ते मे या महिन्यांत सकाळी सातच्या आत घरी. अंधारात पायवाटेने जायचं तर हातात बॅटरी हवीच, फुरसं, म्हणजे विषारी साप, पायाखाली येतं.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर, वर्षाचा तिसरा हिस्सा. आमच्या घरात ओटीच्या टोकापासून माजघरातून मागच्या पडवीच्या टोकापर्यंत २२ पावलं भरतात. मी दोन वाट्या घेतल्या, एकीत दहा चिंचोके. दहा जाऊन-येऊन फेऱ्या झाल्या की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. दहाही चिंचोके पलीकडे गेले म्हणजे ४,४०० पावलं, पाऊण तास. बाहेर पागोळ्या धो धो कोसळत असतात, वीज गेलेली असते, आणि वाटीत चिंचोका पडल्याचा टक् आवाज येतो. पहिल्या जुलैत मी बऱ्याचदा चौथ्याच चिंचोक्याला थांबले. तरी तो दिवस भरला असं धरायचं, कारण वाटी हातात घेतली होती.

सवय २१ दिवसांत लागते असं म्हणतात, त्यावर विश्वास ठेवून निराश होऊ नका. लंडनमधल्या एका विद्यापीठात ९६ जणांवर पाहणी झाली होती. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ लागतील असं दिसलं. आणखी एक दिलासा त्यातच आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा अडथळा येत नाही. म्हणून आमच्या घरात नियम एकच: एक दिवस चुकला तर चालेल, लागोपाठ दोन नाही.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायामही करा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दहा जोर. वजन उतरताना स्नायूही झिजतात, ते थोपवायला एवढं तरी हवं.

पायरी ६: कॅलेंडरवर पेन्सिल फिरवा

ही पायरी मी पहिल्या वर्षी शिकले, ठेचकाळून. चैत्रात सुरू केलं, मे महिन्यात मुंबईला नोकरीला असलेले चाकरमानी आले आणि महिन्याभरात तीन किलो चढले. जूनमध्ये मी काटा कॉटखाली ढकलून दिला. मग एका रात्री भिंतीवरचं कॅलेंडर काढून जमिनीवर पसरलं आणि स्वतःलाच विचारलं, की मे महिना दर वर्षी येतो हे मला माहीत नव्हतं का?

तेव्हापासून प्रत्येक अवघड काळाला पेन्सिलीने चौकोन करते आणि चौकोनात एकच वाक्य लिहिते: त्या दिवसांत मी काय करणार.

एप्रिल-मे. आंबा, फणस, लग्नं, पाहुणे. या दोन महिन्यांत वजन उतरवायचं लक्ष्यच ठेवत नाही, चढू द्यायचं नाही एवढंच. हापूस रोज एक, कापून, जेवणाच्या शेवटी, आणि त्या वेळचा भात अर्धी वाटी. आमरस फक्त रविवारी. रसाला चार आंबे कधी लागले ते कळत नाही, वरून साखर आणि पुऱ्या. रायवळ चोखायला वेळ लागतो, म्हणून तो बरा. पाहुण्यांसाठी कोंबडी-वडे होतातच. मी वडे दोन घेते आणि ते ताटात एकदमच वाढून घेते, गरम गरम एकेक येऊ देत नाही.

जून-जुलै. यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत. ताजी मासळी संपली की भात, बटाटा आणि पापड असं जेवण होऊन बसतं आणि दोन तासांत भूक लागते. म्हणून मे अखेरीसच कुळीथ, वाल, चवळी, मूग भरून ठेवते, अंडी आणते. कुळथाची पिठी, मोड आलेल्या वालाचं बिरडं. पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू, भारंगी फुकट उगवतात, त्या भाज्या पोटभर खा. सुका बोंबील, गोलमा आठवड्यातून एकदोनदाच. त्यातल्या मिठाने अंगात पाणी धरतं, काटा एका रात्रीत किलोभर वर जातो आणि उगाच मन खचतं.

श्रावण. उपवासाने वजन उतरतं असं वाटतं, पण साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाण्याचं कूट यांचा एक वाडगा नेहमीच्या जेवणापेक्षा जड असतो. वरीचे तांदूळ, ताक, एखादं फळ. ज्यांना साखरेची गोळी चालू आहे त्यांनी कडक उपवास करू नयेत.

गणपती. इथे मी सगळ्यात जास्त विचार केला, कारण कोकणातल्या माणसाला गणपतीत "मी डाएटवर आहे" म्हणणं जमत नाही आणि जमूही नये. आरतीला दहा घरी जायचं, दहा घरी प्रसाद आणि चहा. मी चौकोनात लिहिलं: "मोदक जेवताना दोन, तेव्हा भात नाही. दुसऱ्यांच्या घरी प्रसाद तळहातावर मावेल एवढा, चहा एकाच घरी. काट्यावर उभं राहायचं नाही." आणि त्याखाली, सगळ्यात महत्त्वाचं, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाची वेळ. सण कधीच घात करत नाही. सण संपल्यावरचे पंधरा दिवस घात करतात, जेव्हा डब्यात उरलेलं असतं आणि सुरुवात "येत्या सोमवारपासून" होणार असते. म्हणून परत सुरू करायचा दिवस आणि वेळ सणाच्या आधीच लिहायची. उरलेले लाडू, करंज्या विसर्जनाच्या संध्याकाळीच मुंबईला परतणाऱ्यांच्या पिशव्यांत भरायच्या.

दिवाळीही याच रीतीने निभते. शिमग्यात पालखीबरोबर चालणं भरपूर होतं, फक्त जागरणं सांभाळा. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि गोडाकडे हात जातो, हे सगळ्यांचंच होतं.

पायरी ७: काटा अडला तर

माझा काटा ७६ वर अकरा आठवडे अडून बसला होता. हे सगळ्यांच्या बाबतीत होतं. हलक्या झालेल्या शरीराला कमी इंधन लागतं आणि शरीर बचतही करायला लागतं, त्यामुळे कालपर्यंत पुरणारी काटछाट आज पुरत नाही. तेव्हा तीन गोष्टी बघा. हातून वाढायचं माप सैल झालंय का? पुन्हा वाटीने मोजा. चालणं तेच राहिलंय का? चिंचोके दोन वाढवा. आणि घेर मोजा. त्या अकरा आठवड्यांत माझी कंबर चार सेंटिमीटरने उतरली होती.

काटा हा एकच साक्षीदार नाही याचा दाखला आपल्याच देशात आहे. चेन्नईच्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली आला. राहणी बदललेल्या गटात मधुमेहाचं प्रमाण साडेअठ्ठावीस टक्क्यांनी कमी झालं, आणि त्यांचं वजन मात्र जवळपास होतं तेवढंच होतं. ज्या सकाळी काटा हलत नाही त्या सकाळी मी हे आठवते.

वजन आठवड्यातून एकदाच करा, ठरावीक वारी, सकाळी, संडासला जाऊन आल्यावर. रोज केलंत तरी चालेल, पण मग एका दिवसाच्या आकड्यावर जेवण ठरवू नका.

पायरी ८: घरातली माणसं

"घे गो, एवढ्यानं काय होतंय?" हे सासूबाईंचं वाक्य मला दिवसातून दोनदा ऐकायला मिळायचं. त्या प्रेमाने वाढत होत्या आणि मी चिडत होते. एके दिवशी त्यांना सोबत घेऊन पाखाडीच्या तळाशी गेले आणि म्हटलं, "आई, मी चढते, तुम्ही फक्त बघा." तीन ठिकाणी मी थांबून धापा टाकताना त्यांनी खालून पाहिलं. संध्याकाळी माझ्या ताटात भात त्यांनीच वाटीने मोजून वाढला. तुमच्या घरातल्यांना आकडे सांगू नका, अडचण दाखवा. आणि एक काम नेमून द्या. सासूबाईंकडे तेलाच्या बरणीची राखण आहे, आजही.

चालायला एक सोबत शोधा. शेजारच्या वहिनी पावणेसहाला गडग्यापाशी बॅटरी लावून उभ्या असतात. त्या उभ्या आहेत हे माहीत असलं की अंथरुणात पडून राहता येत नाही.

वर्षभर मनापासून करूनही साखर, रक्तदाब किंवा वजन जागचं हलत नसेल तर त्याच डॉक्टरांकडे जा आणि औषधं, इंजेक्शनं, ऑपरेशन सगळ्यांबद्दल मोकळेपणाने विचारा. वर्षभराची वही सोबत न्या. तुम्ही लावलेल्या सवयी पुढच्या कुठल्याही उपचारात कामाला येतात.

माझं वर्ष संपलं तेव्हा मी ७४ वर होते. डॉक्टरांनी वही चाळली आणि पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची दिली. परवा नव्या वर्षाचं कॅलेंडर आणलं. खिळ्याला अडकवण्याआधी जमिनीवर पसरलं आणि पेन्सिल घेऊन बसले. पहिला चौकोन गणपतीचा केला. त्यात लिहिलं: विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे पावणेसहा, गडग्याजवळ, वहिनी.